साहेबांची चोच

लांजेवार सिस्टरांच्या शोकसभेत चार जण बोलले आणि चौघांनीही त्यांना मायाळू, मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या म्हटलं. मी मागच्या खुर्चीत बसून दातओठ खात होतो. ज्या बाईनं सारी नोकरी रागाच्या बळावर केली, रागाच्या बळावर आडगावातली बाळंतपणं निभावली, तिला मेल्यावर परस्पर शांत करून टाकायचं हा कुठला न्याय? शेवटी मला बोलायला सांगितलं. मी उठून म्हणालो, “सिस्टर फार रागीट होत्या,” आणि खाली बसलो. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. कोणीतरी पाण्याचा ग्लासही आणून दिला.

पवनीजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या आणि मी औषधं देणारा. अकरा वर्षं आम्ही एका व्हरांड्यात काढली. पवनीतलं माझं घर त्यांच्या घरापासून दोन दारं सोडून, त्यामुळे त्या निवृत्त झाल्या तरी माझी सुटका झाली नाही. ठेंगण्या, केस करकचून बांधलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. कोणाच्या घरी चहाला गेल्या तरी कपाटावरच्या गोळ्यांची पाकिटं उचलून तारखा वाचायच्या आणि मुदत संपलेली पाकिटं यजमानांना न विचारता कचऱ्यात टाकायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. त्याबद्दल कोणी हळहळलं की म्हणायच्या, “तुमच्या पोरांचे हाल पाहून राहिली ना मी, मले काही कमी नाही.”

एका शब्दावर त्यांचा फार राग होता. ‘चालते.’ आमच्या भागात या शब्दावर सगळा कारभार चालतो. नळाला गढूळ पाणी आलं, चालते. मास्तर अकराला आले, चालते. सिस्टरांसमोर कोणी हा शब्द काढला की त्या चष्मा काढून हातात घ्यायच्या. चष्मा हातात आला की मी कामाचं निमित्त काढून औषधांच्या खोलीत जायचो.

एकदा केंद्रातलं रक्तदाब मोजायचं यंत्र बिघडलं. दुसरं यायला वेळ होता, तेव्हा गरोदर बायांच्या नोंदवहीत सगळ्यांच्या नावापुढे एकशे वीस-ऐंशी लिहिणं सुरू झालं. सिस्टर रजेवरून आल्या, वही चाळली आणि चष्मा काढला. त्या दिवशी नेमके तालुक्याचे अधिकारी भेटीला आलेले. सिस्टरांनी त्या बिघडलेल्या यंत्राचा पट्टा साहेबांसमोरच्या टेबलाच्या पायाला गुंडाळला, फुगा दाबला, वहीत लिहिलं ‘नाव: टेबल, रक्तदाब: एकशे वीस-ऐंशी’, आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. “याची डिलिव्हरी कधी होईन ते आता तुमीच सांगा, सायब.”

यंत्र चौथ्या दिवशी आलं. बदलीची धमकीही आली. ते यंत्र पिशवीत घालून सिस्टर वहीतल्या एकेका बाईच्या घरी पायी गेल्या. एकीचा रक्तदाब इतका वर होता की तिला त्याच दुपारी भंडाऱ्याला पोचवलं. ती वाचली. तेव्हापासून सिस्टरांचा राग मी हसण्यावारी नेला नाही.

कासव घरी आलं तेही रागातच. बाजारातल्या एका कापड दुकानदारानं बरकत यावी म्हणून ते कुठूनतरी आणलं आणि गल्ल्याशेजारी काचेच्या भांड्यात, पाण्यात ठेवलं. वर प्लास्टिकचं कमळ. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेला तो मूठभर जीव पाय मारत काच चढायचा आणि घसरायचा. सिस्टर ब्लाउजपीस घ्यायला गेल्या होत्या.

“हे पाण्यातलं नाही,” त्या म्हणाल्या. “पाय पाहा त्याचे. पोहणाऱ्याचे पाय असे असतेत काय?”

“कासव पाण्यातच राहते जी सिस्टर. चालते त्याले.”

सिस्टरांनी बाही वर केली, भांड्यात हात घातला आणि कासव पिशवीत टाकून घरी आल्या. दुकानदारानं अडवलं नाही, कारण तोवर काही बरकत आलीही नव्हती. ब्लाउजपीस तिथंच राहिला.

त्यांनी त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं. काही विचारलं की मान आत घेतो आणि माणसं निघून गेली की बाहेर काढतो, म्हणून. साहेब परसात जांभळाखाली राहायचे. थंडीत त्यांना गोणपाटाची गादी, उन्हाळ्यात ओल्या मातीचा गारवा. दर सोमवारी बाळांच्या वजनकाट्यावर वजन आणि त्याचा आकडा कॅलेंडरवर. सकाळ-संध्याकाळ ताजा मऊ भात, मीठ न घातलेला, बोटांनी कुस्करून, वर चार थेंब दूध. आपल्याला उशीर झाला तरी चालेल (हो, हा शब्द त्या फक्त स्वतःसाठी वापरत), साहेबांची वेळ चुकायची नाही. तलाठी आले, ग्रामसेवक आले, आमच्या भागाचा वनरक्षक तर कितीदा चहाला आला. सगळे साहेबांना पाहून हसले. वनरक्षकानं स्वतःच्या हातानं त्यांना मुरमुरे भरवले. अशी नऊ वर्षं गेली.

मग चोच वाढली. वरची चोच पुढं आली आणि पोपटासारखी खाली वाकून खालच्या जबड्यावर टेकली. साहेब तोंड उघडायचे, पण घास पकडता येईना. भात नुसता तोंडाला लागायचा आणि मातीत पडायचा. सिस्टरांनी भात आणखी मऊ केला, मग त्याची पेज केली. कॅलेंडरवरचा आकडा तरी खालीच येत राहिला. एका सोमवारी त्यांनी मला बोलावून तो आकडा दाखवला. “कुंभलकर, हा उपाशी मरून राहिला माह्या घरात.” माझ्या आठवणीत त्यांचा आवाज इतका खाली त्याआधी कधी आला नव्हता.

माझ्याकडे जुनी गाडी होती. पुढचे दोन महिने ती त्या कासवाच्या सेवेत होती.

पहिला डॉक्टर पवनीतलाच, म्हशींना इंजेक्शनं देत फिरणारा. गाडीच्या खिडकीतूनच त्यानं टोपलीत डोकावलं आणि कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन टाकू म्हणाला.

“तुमी कासवाचं आधी कधी केलं आहे काय?” सिस्टरांनी विचारलं.

“त्यात काय, जनावर म्हणजे जनावर.”

“चोच वाढली त्याले कॅल्शियम कायले?”

“देऊन तर पाहू. चालते.”

सिस्टरांनी खिडकीची काच वर केली. त्याची बोटं थोडक्यात वाचली.

दुसरा भंडाऱ्याचा, मोठी पाटी असलेला. त्याला हाच प्रश्न विचारला तेव्हा तो हसला. “नखं कापतो तसंच आहे जी ते.” आणि शेळ्यांचे खूर कापायची कात्री घेऊन, सिस्टर ‘थांबा’ म्हणेपर्यंत, त्यानं ती चोचीला लावून दाबली. कट्ट असा आवाज झाला. चोचीचा कोपरा उभा तडकला आणि रक्त आलं. चोच म्हणजे नुसतं नख नसतं, आत जीव असतो, हे त्या पाटीवाल्याला माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याची लाजही नव्हती. सिस्टरांनी त्याचा हात असा झटकला की कात्री भिंतीवर आपटली. मग स्वतःच कापूस काढून त्या रक्त थांबेपर्यंत चोच दाबून बसल्या. तो मागे उभा राहून सांगत होता की एवढं चालतेच.

परतीच्या वाटेवर त्यांनी सगळ्या शिव्या स्वतःला दिल्या. “मी बत्तीस वर्षं दवाखान्यात काढली. तो हत्यार धुवत नाही हे मले दिसलं, तरी मी कायले त्याच्या हाती दिलं?” त्यानंतर साहेबांनी पाच दिवस तोंडच उघडलं नाही.

तिसरा नागपूरचा. थंडगार दवाखाना, सोफ्यावर कुत्री आणि त्यांचे मालक. या डॉक्टरला काम येत होतं, हे मान्य केलं पाहिजे. त्यानं साहेबांना नीट धरलं, जबडा पाहिला, तडा पाहिला. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. हे कासव रानातलं, कायद्यानं घरात ठेवता येत नाही, प्रकरण होऊ शकतं. पण काळजी नको, त्याच्याकडे अशी बरीच येतात. दोन दिवसांनी मागच्या दारानं घेऊन या, नाव-गाव काही लिहायचं नाही, अर्ध्या तासात चोच सरळ.

“केसपेपर नाही काढणार तुमी?” सिस्टरांनी विचारलं.

“कशाला काढायचा, मॅडम? तुमच्याच सोयीसाठी सांगतोय.”

“मंग काही कमीजास्त झालं तर पुढच्यानं काय पाहाचं?”

आम्ही टोपली उचलून बाहेर आलो.

भिवापूर मागं पडलं. मग बोलायला लागल्या त्या पवनी येईपर्यंत. कायदा होता तर नऊ वर्षं कोणी बोललं काहून नाही? तलाठ्याला माहीत नव्हतं? त्या वनरक्षकाला माहीत नव्हतं? मुरमुरे चारताना त्याचा कायदा कुठं गेला होता? मला त्यांचं सगळं पटत होतं आणि आजही पटतं. ज्याचं काम सांगण्याचं होतं तो बशीत चहा ओतत बसला होता.

पण माझं मत नागपूरच्या मागच्या दाराचं होतं. मी ते बोललोही. काम येतं त्याला, अर्धा तास लागेल, साहेब घरी राहतील, कोणाला पत्ता लागणार नाही. सिस्टरांनी चष्मा काढला. “तुमी बी त्याच्यातलेच निघाले जी.” दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांकडे रंजना आली, मलाही तिनं तिथंच बोलावून घेतलं. ती पूर्वी आमच्या केंद्रात आशा कार्यकर्ती होती, आता करडीला मुलीकडे असते. लग्नाची पत्रिका द्यायला आली आणि चहा पिता पिता गाऱ्हाणं सांगू लागली. गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली आहे, पडोळे मॅडम म्हणून, अगदी पोरगी. “कायची डॉक्टर जी सिस्टर? माह्या बकरीले पाहून म्हणते, मले हे येत नाही, विचारून सांगतो. तोंडावर म्हणते, येत नाही.”

“मंग?”

“मंग दुसऱ्या दिवशी घरी येऊन औषध दिलं. बकरी उठली. पण डॉक्टरनं येत नाही म्हणाव काय?”

सिस्टरांनी रंजनाच्या हातातला कप अर्धाच काढून घेतला. “कुंभलकर,” त्या मला म्हणाल्या, “गाडी काढा. मले तीच पायजे.”

करडीचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि समोर बैल अडकवायचा लोखंडी सांगाडा. पडोळे मॅडमनी आधी हात धुतले. सिस्टर ते बघत होत्या, मी सिस्टरांना बघत होतो. मग तिनं साहेबांना जमिनीवर सोडलं आणि नुसती चाल पाहत राहिली. उलटं धरून शेपूट पाहिली आणि म्हणाली, “हा नर नाही. मादी आहे.” बत्तीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. सिस्टर म्हणाल्या, “असू द्या. सायबच आहे.” पोरगी हसली नाही. ती चोचीकडे वळली आणि तोवर कोणीच न विचारलेली गोष्ट तिनं विचारली.

“हा खातो तरी काय काय?”

सिस्टरांनी ताठ होऊन सांगितलं. मऊ भात, ताजा, दोन वेळ, नऊ वर्षं, एक दिवस चुकला नाही.

“गवत? पानं?”

“कोवळी दिली कधी कधी. भातच आवडते त्याले.”

मग खाली बसून तिनं समजावलं. याची चोच रोज वाढते आणि रोज झिजायला पाहिजे. कडक गवत, जाड पानं तोडताना ती झिजते. भातात झिजायला काही नाही. पाठीवर हे उंचवटे आलेत, तेही खाण्यामुळेच. जबडा वाकला, तो एका दिवसात वाकलेला नाही.

“म्हणजे हे मी केलं,” सिस्टर म्हणाल्या.

“हो.”

मला त्या पोरीचा असा राग आला की काय सांगू. आमचा मुलूख धानाचा. पाहुणा आला की भात, ताप आला की पेज, लेकराचं उष्टावण भातानं आणि माणूस गेला की पिंडही भाताचाच. जीव लावायचा म्हणजे आम्ही भात पुढं करतो, दुसरी रीत आम्हाला कोणी शिकवलेली नाही. मी म्हणालो, “मॅडम, त्यांनी मायेनंच दिला ना.” सिस्टर माझ्यावर खेकसल्या, “तुमी गप बसा. बरोबर सांगून राहिली ते.” आणि नेहमीचा प्रश्न विचारला. “तुमी हे काम आधी केलं आहे काय?”

“नाही. कॉलेजमध्ये सरांना करताना एकदा पाहिलंय. गुरुवारी या. तोवर मी सरांना विचारते, त्यांना व्हिडिओ कॉलवर समोर ठेवूनच करेन. आणि एक सांगते. मी केलं तर नोंद करणार, वनविभागाला कळवणार. उपचारानंतर ते याला घेऊन जातील. तुम्हाला परत मिळेल असं मला वाटत नाही.”

हे तिनं आधी सांगितलं, काम झाल्यावर नाही. सिस्टरांनी साहेबांना उचलून टोपलीत ठेवलं, वर ओला पंचा घातला. मला वाटलं, आता आम्ही सरळ नागपूरचा रस्ता धरतो. “गुरुवारी किती वाजता?” त्यांनी विचारलं.

मधले दिवस मी पुन्हा सांगून पाहिलं. प्रकरण होईल, पेन्शनला धक्का लागेल, या वयात ऑफिसांचे उंबरे झिजवाल. त्या परसात बसून साहेबांसमोर हरळीचे तुकडे धरत होत्या. साहेब चोच आपटत होते, पण तुटत काहीच नव्हतं. “मी याले मागच्या दारानं नेईन,” त्या म्हणाल्या, “आन घरी आणून पुन्हा तेच करीन. मले आता माह्यावरच भरोसा नाही.” मग हरळीचा पुढचा तुकडा उचलत, माझ्याकडे न पाहता, “नऊ वर्षं आहे जी हा. घरात आवाज नाही करत, पण आहे.” त्या रडत होत्या आणि त्या रडण्याचाही त्यांना राग येत होता.

गुरुवारी पडोळे मॅडमनं भंडाऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरकडून घासायचं बारीक यंत्र मागून आणलं होतं. फोन औषधांच्या डब्याला टेकवून ठेवलेला, त्यात तिचे सर. डोकं धरायला सिस्टर. जबड्याच्या मागं दोन बोटं, ना सैल ना घट्ट. पोरगी जरा घासायची, थांबायची, ओल्या कापसानं पुसायची, सरांना दाखवायची, पुन्हा जरा घासायची. हात दमला की ती यंत्र बंद करायची, बोटं मोकळी करायची आणि मगच पुन्हा धरायची. तासाभराहून जास्त वेळ गेला. एवढ्या वेळात सिस्टर तिला एकदाही रागावल्या नाहीत. शेवटी तिनं साहेबांना खाली ठेवलं आणि समोर जास्वंदीचं जाड पान धरलं. साहेबांनी मान काढली, तोंड उघडलं आणि पानाचा तुकडा तोडला. त्या बारीक आवाजावर सिस्टर भिंतीला टेकून खाली बसल्या.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो, कारण त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. जबाबासाठी सिस्टरांना तीनदा भंडाऱ्याला बोलावलं, दोनदा तिथले साहेब जागेवर नाहीत म्हणून परत पाठवलं. आमचे साहेब तर त्यांना पुन्हा पाहू दिले नाहीत. त्या कापड दुकानदाराला मात्र कोणी काही विचारलं नाही. खूर कापणाऱ्याची पाटीही आहे तिथंच आहे.

त्या गुरुवारी दुपारी करडीच्या दवाखान्यात वनविभागाचे दोघं कासवासाठी पेटी घेऊन आले. त्यातला लिहिणारा वयानं मोठा, भला माणूस होता. पंचनाम्याचा कागद मांडीवर घेऊन तो सिस्टरांना म्हणाला, “आई, असं लिवून टाकतो, कासव रस्त्याच्या कडेले सापडलं, तुमी दवाखान्यात आणलं. तुमाले त्रास नाही. चालते ना?”

सिस्टर साहेबांच्या पेटीवर तळहात ठेवून उभ्या होत्या. मला वाटलं आता चष्मा निघणार. तो निघाला नाही.

“नाही चालत,” त्या म्हणाल्या. “मी सांगतो तसं लिवा. पवनीच्या घरी नऊ वर्षं होता. रोज दोन वेळ मऊ भात. पहिले सहा वर्षं गाईचं दूध, मंग पाकिटाचं. गवत नाही. मुरमुरे, तुमच्याच माणसानं दिलेले. चोच पूस महिन्यापासून वाढली. भंडाऱ्यात तडकवली.”

“आई, एवढं कायले? भात कोणी दिला हे कायले लिवा लागते?”

“तुमाले नाही लागत. उद्या ज्याच्या हाती हा जाईन, त्याले लागते. त्याले वाटन रानातून आलं, रानातलं खाऊन आलं. मंग तो चुकीचा इलाज करन. लिवा. भात दिला. सुमन लांजेवारनं दिला.”

त्यानं लिहिलं. सिस्टरांनी कागद सहीसाठी हातात घेतला नाही, आधी वाचून दाखवायला सांगितला. दवाखान्यात गाई-बकऱ्या घेऊन आलेली दहाबारा माणसं होती, रंजनाही होती. तो वाचत गेला आणि भातापाशी, बाईची लाज राखायची म्हणून, त्यानं आवाज खाली आणला.

“मोठ्यानं वाचा,” सिस्टर म्हणाल्या.